तीन म्हणजे किती

सोमवार, ४ मार्च

बारक्या घाबरलाय. हे इथेच लिहून ठेवते. त्याच्या तोंडावर म्हटलं तर तो दोन दिवस फुगून बसेल, आणि आईच्या कानावर गेलं तर ती त्याला पुन्हा गाडीत बसू द्यायची नाही.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. उंची सहा फूट, पण घरात शेवटचा जन्मला म्हणून बारक्याच राहिला. तो मोटारींच्या रॅलीत गाडी चालवतो आणि मी शेजारी बसून त्याला रस्ता वाचून दाखवते. नॅव्हिगेटर. लोकांना वाटतं मी मांडीवर नकाशा पसरून बसते. छे. रॅलीआधी आम्ही त्या रस्त्यावरून हळू फिरून येतो, मी प्रत्येक वळणाला आकडा देते आणि वहीत उतरवते. एक म्हणजे जवळजवळ थांबून वळायचं, सहा म्हणजे पाय न उचलता जायचं. मग शर्यतीत हेल्मेटमधल्या माइकवर वाचत सुटायचं. “डावं चार, शंभर, माथा, उजवं तीन, आवळतं.” शंभर म्हणजे मधले मीटर, आवळतं म्हणजे पुढे आणखी अरुंद वळणारं. माथ्यापलीकडे रस्ता आहे की दरी, हे त्याला फक्त माझ्या तोंडून कळतं.

गेल्या वर्षी धरणाच्या रस्त्यावर, ओढ्यावरच्या मोरीच्या वळणाला, आमची गाडी उलटली. बारक्याचा गुडघा गेला, माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. गाडीत उलटी लटकत असतानाही मी शांतपणे वही शोधत होते, असं मदतीला धावलेल्या लोकांनी सांगितलं. मला त्यातलं काहीएक आठवत नाही, पण ऐकून बरं वाटलं.

आज त्यानंतरचा पहिला सराव होता, दगडखाणीच्या रस्त्यावर. गाडीचे मालक घड्याळ घेऊन उभे होते. बारक्या इतका हळू गेला की मला त्यांच्याकडे बघवेना. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी पाय उचलत होता. मिस्त्रींनी गाडी उघडून बघितली आणि म्हणाले, “गाडी ठणठणीत आहे.”

म्हणजे बिघाड चालवणाऱ्यात आहे. एवढं तर मलाही कळतं.

बुधवार, ६ मार्च

गुडघ्याचं प्लास्टर असताना बारक्याने घरी सिम्युलेटर मांडला. मागच्या खोलीत लोखंडी सांगाडा, त्यावर जुनी गाडीची सीट, समोर तीन पडदे. त्याच्या ओळखीच्या एका मुलीने खाणीचा रस्ता मोजून-मापून त्यात उतरवलाय, अगदी खड्ड्यांसकट. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून शेजारी बसते आणि वाचते.

आज तिथे त्याने जे केलं ते बघून मी थक्क झाले. चौथ्या वळणाला “डावं चार” म्हटलं आणि हा चाराच्या वेगाने, दगडाला चाटून, पलीकडे. एकदा चुकला, सरळ कड्यावर आपटला, पडदे लाल झाले, आणि हा खदखदा हसला. बटण दाबलं, गाडी पुन्हा नवी. आई दारात उभी होती. आपटताना तिने डोळे मिटले आणि मग म्हणाली, “हे बरं आहे. काय आपटायचं ते इथेच आपटा.”

मी म्हटलं, “मग खाणीत असा का नाही जात?”

तो पुन्हा बटण दाबत म्हणाला, “तिकडचं वेगळं असतं, ताई.”

बघा! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. पडद्यावरचं झाड लागत नाही म्हणून इथे पाय मोकळा आहे. खऱ्या झाडापुढे त्याची पाचावर धारण बसते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण उपाय मात्र करायला हवा. आणि तो मलाच करावा लागणार, दुसरं कोण आहे?

रविवार, १० मार्च

दुसरा सराव. उपाय सुरू केलाय. घाबरलेल्या माणसाला चार म्हटलं की तो बिचकतो. म्हणून जिथे चार आहे तिथे मी तीन म्हणते, पाच असेल तिथे चार. तो सावकाश शिरतो, वळण आटोक्यात राहतं, त्याला धीर येतो. मागच्या खेपेलाही बहुधा मी थोडं असंच वाचलं होतं, खडी सुटली होती म्हणून. प्रत्यक्ष रस्ता तो प्रत्यक्ष रस्ता. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही. उगाच त्याचा अपमान कशाला?

वेळ मात्र तशीच आली. मालक काही बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत तेव्हाच जास्त वाईट असतं.

गाडी धुताना मिस्त्री हसत म्हणाले, “ताई, तुमच्या बाजूची पाय टेकायची पत्री वाकलीय. इकडेही एक ब्रेक बसवून देऊ का?” मी त्यांना सांगितलं की हल्ली मी लिफ्ट वापरत नाही, जिनेच चढते, पायांत ताकद आलीय. मिस्त्रींना सगळ्याचीच गंमत वाटते. माझ्या मागे बारक्या उभा होता. तो हसला नाही, वाकून ती पत्री बघत बसला.

गुरुवार, १४ मार्च

ऑफिसात बोलणी खाल्ली. मी बसस्थानकावर घोषणा करते, माझा आवाज चार फलाटांवर पोचतो. बस रद्द होवो नाहीतर कुणाचं पोर हरवो, माझ्या आवाजात काडीचा फरक पडत नाही, अशी माझी ख्याती. आज एक बस सुटायला भरपूर वेळ असताना मी “प्रवाशांनी त्वरित” म्हणून टाकलं. लोक सामान घेऊन धावले, एक आजोबा पडता पडता वाचले. साहेब म्हणाले, या महिन्यात हे दुसऱ्यांदा झालं.

आधी सांगितलेलं केव्हाही बरं, असं माझं मत आहे. पण ते मी साहेबांना बोलून दाखवलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

मालकांचा फोन. “रॅली होऊ दे, मग निवांत बसू. जोडी बदलायची का, बघावं लागेल. तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्याल.”

मी “हो” म्हटलं आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले. म्हणजे ते बारक्याला काढणार. पोराने बाविसाव्या वर्षापासून दुसरं काही केलेलं नाही. संध्याकाळी गॅरेजवर गेले तर तो मालकांशी हातवारे करून भांडत होता. मी दिसताच दोघे गप्प झाले. याचा चेहरा लालबुंद. बिचारा जागा टिकवायला गयावया करत असणार.  घरी येताना त्याने माझी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, जी तो एरवी जन्मात घेत नाही.

शनिवार, २३ मार्च

जमलं! जमलं! जमलं!

पट्टे आवळताना बारक्याने विचारलं, “ताई, तू घरी वाचतेस आणि इथे वाचतेस, त्यात काही फरक करतेस का?”

मी म्हटलं, “बाई तीच, आवाज तोच.”

“बरं,” म्हणाला आणि गाडी काढली. काय सांगू! मी तीन म्हणतेय आणि हा असा घुसतोय की जणू चार ऐकलंय. खाणीचा शेवटचा माथा तर आम्ही उडतच पार केला. मालकांनी घड्याळ दोनदा बघितलं. माझे दोन्ही पाय पत्रीवर रुतले होते, त्याच्या काळजीने, पण तो सबंध रस्ता शिट्टी वाजवल्यासारखा चेहरा करून बसला होता. भीती पळाली त्याची. उपाय लागू पडला. हे श्रेय मला कुणी देणार नाही, म्हणून इथे घेऊन ठेवते.

उतरल्यावर हातमोजे निघेनात, बोटं वळली होती. वही घट्ट धरायची सवय.

गुरुवार, ४ एप्रिल

रॅलीच्या गावी आलो. आज धरणाचा रस्ता हळू चालवून नोंदी घेतल्या. दोनच फेऱ्यांची परवानगी असते. मी सगळीकडे एक आकडा कमी धरूनच लिहिलं, सुरू केलेला उपाय मध्येच कशाला सोडा.

मोरीपाशी पेन्सिलीचं टोक तुटलं. बारक्याने न सांगता गाडी थांबवली आणि माझ्याकडे न बघता खिशातून दुसरी पेन्सिल काढून दिली. टोक करून चार-पाच पेन्सिली आणल्या होत्या त्याने. नीटनेटकेपणा या मुलाच्या अंगी कधीपासून आला, देव जाणे. कठड्याचा नवा भाग अजून पांढराशुभ्र आहे, जुना आमच्या गाडीने पाडला होता. मी तिकडे बघितलं नाही. लिहायचं काम होतं.

लॉजवर खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. बदलून तळमजल्यावर घेतली, दाराजवळची. वारा चांगला येतो.

शनिवार, ६ एप्रिल, संध्याकाळ

पहिला दिवस संपला, आम्ही पाचवे आहोत. पाचवे! आईला फोन केला तर ती आधी म्हणाली, “हातपाय धड आहेत ना?” आणि मग रडायलाच लागली.

पण मला आता एक गोष्ट खुपतेय. आज दिवसभर मी तीन म्हणत होते आणि बारक्या चाराने जात होता, आणि दर वेळी तोच बरोबर ठरत होता. म्हणजे त्याला माझ्या उपायाची गरज उरलेली नाही. तो रस्ता डोळ्यांनी बघून चालवतोय, मी मात्र अजून लहान मुलाला सांगावं तसं खोटं वाचतेय. उद्या धरणाच्या रस्त्यावर माथ्यामागून माथे आहेत, तिथे डोळ्यांना काही दिसत नाही, तिथे आकडा खरा हवा.

म्हणून जेवणानंतर वही घेऊन बसले आणि सगळे आकडे खोडून खरे केले. तिनाचे चार, चाराचे पाच. मोरीचं उजवं तीन होतं, त्याचं चार केलं. तो आकडा जरा वेडावाकडा आला, पंख्याने पान उडत होतं. बारक्याला सांगितलं नाही. सांगितलं तर विचारेल, मग इतके दिवस काय वाचत होतीस? रॅली संपली की हसत हसत सांगेन.

किती हलकं वाटतंय. प्रामाणिकपणाने वाचायचं म्हणजे काय ते मी विसरलेच होते.

सोमवार, ८ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आजही हात धड नाही, पण लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

धरणाचा रस्ता. पहिली तीन वळणं मोठी होती, सहाची, तिथे काही कळलं नाही. मग उतार लागला. मी वाचलं, “माथा, डावं चार.” आणि वाचता वाचताच मला शरीराने कळलं की हा पुरेसा पाय उचलत नाहीये. चाराला जेवढा उचलायला हवा तेवढा नाहीच. गाडी माथ्यावरून सुटली. पलीकडे रस्ता डावीकडे गेला आणि आम्ही गेलो नाही. गाडी अर्धवर्तुळ फिरली, दगड पत्र्यावर बदाबदा आपटले, माझ्या बाजूची चाकं रस्ता सोडून गेली. मी ओरडले की नाही, मला माहीत नाही. माझे दोन्ही पाय पत्रीवर होते, जिथे ब्रेक नाही तिथे मी जीव खाऊन ब्रेक दाबत होते.

गाडी थांबली. इंजिन बंद. माझ्या खिडकीला एक झुडूप टेकलं होतं आणि त्याच्या फांद्यांमधून खूप खाली धरणाचं पाणी दिसत होतं.

धूळ बसायच्या आत बारक्या म्हणाला, “चार म्हणालीस ना तू?”

“चारच आहे ते.”

“चार म्हणजे पाच ना?”

“चार म्हणजे चार! काल रात्री मी सगळे आकडे खरे केले.”

 मग हेल्मेटच्या आतून त्याचा श्वास ऐकू आला, मोठा, तुटक. “ताई, मी एक मिळवत होतो. घरी तू त्याच वळणाला चार म्हणतेस आणि खाणीत तीन. प्रत्येक वळणाला. घरी तुझा आवाज बसस्थानकावर असतो तसा असतो, आणि गाडीत बसलीस की तो वर चढतो. मी दोन्हीकडचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. म्हणून मी तुझ्या आकड्यात एक मिळवायला लागलो.”

“मग मला सांगायचं ना, गाढवा!”

“सांगितलं असतं तर तू उतरली असतीस. मालक तुलाच उतरवायला निघालेत.”

आमच्यानंतर सोडलेली गाडी येण्याची वेळ झाली होती. सगळं ठीक असल्याची पाटी बाहेर दाखवावी लागते, ती मी खिडकीतून धरली. ती गाडी आमच्या शेजारून गेली तेव्हा आमची गाडी हलली आणि झुडूप कराकरा वाजलं. पाटी मी सुलटी धरली होती की उलटी, कोण जाणे.

म्हणजे महिनाभर मी त्याच्या भीतीवर उपाय करत होते. पत्री माझी वाकली, आवाज माझा चढला, बस मी आधी सोडली, खोली मी बदलली. आणि परवा रात्री हलकं हलकं वाटत असताना मी माझ्या भावाला त्या पाण्यात घालायला निघाले होते. 

मी म्हटलं, “मला वाटलं तू घाबरलायस.”

“घाबरलोच आहे.” तो पुढे काचेकडे बघत बोलत होता. “घरी तू जेवणाच्या खुर्चीवर असतेस. मी कड्यावर आपटलो तरी तुला काही होत नाही. इथे येणारं प्रत्येक झाड तुझ्या बाजूने येतं, ताई. मला एकट्याला सोडलं तर मी इथेही घरच्यासारखाच जाईन आणि पहिल्या माथ्यावर मरेन. तू शेजारी आहेस म्हणून मी ब्रेक दाबतो.”

 चार फलाटांवर पोचणारा माझा आवाज, आणि मला चार शब्द म्हणता येईनात. शेवटी म्हटलं, “मला भीती वाटते, बारक्या. हॉस्पिटलातून आल्यापासून वाटते. जिन्यातही वाटते.”

“मग तसं म्हण,” तो म्हणाला. “आकड्यात नको मिसळूस. आकडा खरा दे आणि भीती वेगळी सांग. मी दोन्ही ऐकेन.”

त्याने इंजिन सुरू केलं. पहिल्यांदा झालं नाही, दुसऱ्यांदा झालं. इंचाइंचाने मागेपुढे घेत त्याने गाडी वळवून रस्त्यावर आणली. मी वही उघडली. माझ्या तोंडातून आवाज कसा निघत होता ते मला ठाऊक आहे, चिरका, नको तिथे तुटणारा, पण आकडे बरोबर होते. “डावं तीन, भीती, ऐंशी, उजवं पाच, माथा, भीती, डावं चार.” तो चाराला चाराने जात होता. भीती म्हटलं तर पाय उचलत नव्हता, फक्त “हं” म्हणत होता. एका साध्या सरळ पट्ट्यावरही मी म्हटलं तेव्हा त्याने विचारलं, “इथे कशाला?”

“इथे काही नाही म्हणूनच.”

“बरं.”

आम्ही खूप मागे पडलो, शेवटून मोजलं तर लवकर सापडू. मिस्त्री गाडीखालून काटक्या आणि गवत उपसत होते, एकदाही हसले नाहीत. मालक आले, तेव्हा बारक्या पुढे व्हायच्या आत मी त्यांना गाठलं. सांगितलं की आकडे मी चुकवत होते, भीतीने, आणि हा माझं झाकत होता. शेजारी कोणाला बसवायचं ते त्यांनी ठरवावं, पण सगळं ऐकून ठरवावं. त्यांनी गाडीतलं रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि कानाला लावून बराच वेळ फिरत राहिले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, “हे भीती भीती काय चाललंय तुमचं?” बारक्या म्हणाला, “नोंद आहे ती.” मालक मानही न हलवता निघून गेले. अजून फोन आलेला नाही.

मोरीचं लिहायचं राहिलं. मुद्दाम राहू दिलं होतं.

ती शेवटून दुसऱ्या वळणावर. आधी दोनशे मीटर सरळ, मग माथा, आणि माथ्यापलीकडे लगेच ती. पान उलटलं आणि माझा तो वेडावाकडा चार समोर आला. त्यावर नजर ठरेना. मला म्हणायचं होतं, “माथा, भीती, उजवं चार,” एवढंच, आणि घशातून काही निघेना. सरळ पट्टा संपत आला. पांढरा कठडा दिसायला अजून माथा आड होता, पण मला तो दिसत होता, आणि मी उलटी लटकलेलीही मला दिसत होते, पहिल्यांदाच, आणि मी वही शोधत नव्हते. मी बारक्याला हाका मारत होते आणि तो ओ देत नव्हता.

मग हेल्मेटमध्ये त्याचा आवाज आला, अगदी हळू, माझ्या आधी.

“भीती,” तो म्हणाला.

“बरोबर,” मी म्हटलं. “माथा. उजवं चार.”

तो चाराने गेला. कठडा माझ्या खिडकीजवळून पांढरा होऊन मागे पडला, आणि मी पुढची नोंद वाचली.